शपथेची वही

मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायची. लातुरात सायन्सच्या मुलांना मराठी शिकवणं म्हणजे काय, हे लातूरच्या माणसाला सांगायची गरज नाही; बाहेरच्यांसाठी सांगते. मुलं पहाटे एका क्लासला जातात, तिथून दुसऱ्या क्लासला, तिथून टेस्टला, आणि मधल्या वेळात हजेरीपुरती कॉलेजात येतात. मराठीच्या तासाला ती झोपतात. मी झोपू द्यायची. त्यामुळे मुलांत माझं नाव बरं होतं आणि माझ्याकडे वेळही भरपूर होता. या दोन्ही गोष्टी प्राचार्यांच्या नजरेत आल्या आणि समुपदेशनाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

खरं तर ते आधीच्या दोन्ही शाळांतही माझ्याच गळ्यात होतं. किनवटकडे निवासी आश्रमशाळेत होते तेव्हाही, नांदेडच्या हायस्कुलात होते तेव्हाही. जिथे जाईन तिथे कुणीतरी म्हणायचं, बाई प्रेमळ आहेत, यांच्याकडे द्या. कुठे किती वर्षं काढली ते इथे लिहीत बसत नाही. ते पेन्शनच्या कागदांत आहे, आणि तिथेही चुकलेलंच आहे.

लातूरच्या कॉलेजात मला जी खोली मिळाली, ती खेळाच्या सामानाच्या खोलीला प्लायवूड लावून काढलेली होती. पलीकडे हवा गेलेले फुटबॉल, अलीकडे मी. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी होती. मुलं तिला टेन्शन रूम म्हणायची. शिपाई गफूरमामा चहा घेऊन यायचे, कप ठेवायचे आणि समोरच्या मुलाकडे एकदा नीट बघून जायचे. त्या एका नजरेत त्यांना जेवढं कळायचं तेवढं कळायला मला चार बैठका लागायच्या.

या कामात नेमकं करायचं काय असतं, हे मला नातेवाईक अजून विचारतात. कुठलंही मूल ‘मला व्यसन लागलंय’ असं सांगत येत नाही. ते म्हणतं, “मॅडम, पोट दुखायलंय.” मग तुम्ही पोटाबद्दल बोलायचं. दुसऱ्या वेळी ते म्हणतं, झोप येत नाही. मग झोपेबद्दल बोलायचं. तिसऱ्या वेळी आलंच, तर खिशातलं काहीतरी टेबलावर येतं. गुटख्याची पुडी असते, पंक्चरच्या सोल्यूशनचा वास मारणारा रुमाल असतो, जागरणाच्या गोळ्या असतात, नाहीतर खोकला नसताना प्यायलेल्या खोकल्याच्या औषधाची बाटली. आणि त्या बाटलीच्या मागे दुसरंच काहीतरी असतं. घरी बाप मारतो, किंवा टेस्टमध्ये नंबर घसरलाय, किंवा सतरा वर्षांचं मूल आठ महिन्यांत कुणाशी धड बोललेलंच नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचं काम ऐकायचं, आणि गरज पडली तर हाताला धरून डॉक्टरकडे न्यायचं.

एवढंच करत राहिले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी आणखी एक गोष्ट करायची. मी शपथ घ्यायला लावायची.

याची सुरुवात किनवटला झाली. तिथे सातवीत यमुना नावाची मुलगी होती. सकाळी नळावर दात घासताना तिच्या तोंडात बोट बराच वेळ फिरत राहायचं. जवळ जाऊन पाहिलं तर मिश्री. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, दाताला लावायची. यमुनेच्या डबीतून अख्ख्या खोलीला पुरवठा होत होता. मी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि चांगलं झापलं. त्या बाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कनवटीची डबी काढली, उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “लई बोलल्या बाई. घ्या, जरा लावा.” मला हसू आवरेना. तीही हसली.

आईकडून काही होणार नाही हे कळल्यावर मी यमुनेलाच खोलीत घेतलं आणि आईच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. एका शंभरपानी वहीत तिच्याकडून लिहून घेतलं, सही घेतली. तिने डबी माझ्या हातात दिली. त्यानंतर नळावर तिचं बोट कधी रेंगाळलेलं मला दिसलं नाही. मला वाटलं, जमलं.

ती वही मी नांदेडला नेली, तिथून लातूरला. नांदेडला तिची निम्मी पानं भरली. शाळेत तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापक ती वही त्यांच्यापुढे ठेवायचे. वहीतलं एकही मूल तीच तक्रार घेऊन माझ्याकडे दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं. परत आलं नाही म्हणजे सुटलं, असा माझा साधा हिशेब होता. त्या हिशेबाचा मला अभिमान होता, हे कबूल करते.

गफूरमामांनी एकदा मला सुचवून पाहिलं होतं. कप उचलता उचलता म्हणाले, “मॅडम, पोरं तुमाला भितेत.”

मी म्हटलं, “मला? मी तर कुणाला ओरडतसुद्धा नाही.”

“वरडत न्हाई. पर लिहून घेता ना.”

मी हसून सोडून दिलं.

आणि नांदेडच्या बसस्टँडवर एकदा मला यमुना दिसली होती. लग्न झालेलं, कडेवर मूल. मी आनंदाने हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पदर तोंडावर ओढून गर्दीत निघून गेली. मला वाईट वाटलं. मोठी झाली की विसरतात, असं म्हणून मी बसमध्ये चढले.

गिरिजा अकरावीला आली ती उदगीरहून. तिथे तिच्या वडिलांचं किराणा दुकान. घर लिंगायत, सगळी तिला गिरी म्हणायची, वडिलांना ती अप्पा म्हणायची. हुशार, नीटनेटकी, दहावीला घसघशीत मार्क. तिला डॉक्टर करायचं हे तिच्या बारशालाच ठरलं असावं. पहिले सहा महिने ती माझ्या तासाला जागी असायची, एवढ्यावरूनच ती मला माहीत झाली. मग तीही झोपू लागली. पण तिची झोप वेगळी होती. इतर मुलं हाक मारली की दचकून उठायची, हिला हलवावं लागायचं.

मी तिला खोलीत बोलावलं. पोट, झोप हे सगळं झालं. तिसऱ्या वेळी तिने सांगितलं. होस्टेलवर मुली जागरणाच्या गोळ्या घेत, तिनेही घेतल्या. मग झोपच येईना. तेव्हा खोलीतल्या एकीने खोकल्याचं औषध दिलं. आधी दोन झाकणं, मग अर्धी बाटली, आणि आता रोज एक.

“सोडायचंय मॅडम,” ती म्हणाली. “अप्पांना कळू देऊ नका. ते दुकानात सगळ्यांना सांगतेत, माझी गिरी कशी हाय म्हणून.”

अशा वेळी तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. रोज एवढं औषध पिणारं शरीर एका दिवसात सोडू शकत नाही, हे मी वाचलेलं होतं, एका शिबिरात ऐकलेलंही होतं. पण माझ्याकडे वही होती ना. मी ती उघडली. म्हटलं, आईची शपथ घे.

ती लगेच म्हणाली, “घेते.” ते मला फारच सहज वाटलं. आईची शपथ मुलं दिवसातून दहादा घेतात. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी लिंगायतांचं घर होतं, त्यामुळे त्यांच्यातलं थोडंफार मला माहीत होतं. तिच्या ड्रेसच्या गळ्याशी दोरा दिसत होता. त्या दोऱ्याला चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, ते दीक्षेच्या वेळी गळ्यात बांधतात आणि मग ते जन्मभर अंगावर असतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “त्याला हात लावून सांग.”

तिचा चेहराच उतरला. “मॅडम, तेवढं नका सांगू.”

“का? मोडायची आहे का शपथ?”

“तसं न्हाई.”

“मग?”

तिने हात गळ्याशी नेला, डबी मुठीत धरली आणि म्हणाली, परत घेणार नाही. वहीत लिहिलं, सही केली. अक्षर सुंदर होतं तिचं. ती गेल्यावर मला फार बरं वाटलं. ही शपथ टिकणार, असं मी गफूरमामांना म्हणालेसुद्धा. ते कप उचलून निघून गेले.

पुढे महिनाभर गिरिजा माझ्या खोलीकडे फिरकली नाही. व्हरांड्यात समोरून येताना दिसली तर ती जिन्याकडे वळायची. मी मनाशी म्हटलं, सुटलं.

एके दिवशी दुपारी गफूरमामा तिला दंडाला धरून आत घेऊन आले. जिन्यात चक्कर येऊन पडली होती. कपाळावर टेंगूळ, ओठ वाळलेले. मामांनी चहा दिला, बशीत दोन बिस्किटं ठेवली. तिने चहा घेतला. बिस्किटांना हात लावला नाही.

“बेटी, खा,” मामा म्हणाले.

तिने मान हलवली. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “तीन दिवस झाले मॅडम, काईच खाल्लं न्हाई म्हनतेत होस्टेलच्या पोरी. उपास हाय म्हणून सांगायली.”

ते बाहेर गेले. मी तिच्या गळ्याकडे पाहिलं. दोरा नव्हता.

“गिरिजा, लिंग कुठं आहे?”

ती रडायला लागली. बॅग उघडली, आतून कंपासपेटी काढली, आणि पेटीतून रुमालाची छोटी गाठोडी. ती तिने टेबलावर ठेवली नाही, दोन्ही हातांत धरून बसली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. शपथेनंतर तिने आठ दिवस काढले. हातपाय मोडून आले, घाम फुटायचा, डोळ्याला डोळा लागेना. नवव्या दिवशी तिने बाटली उघडली. तिच्या घरी लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी अन्न तोंडात घालत नाही. होस्टेलवरही ती रोज सकाळी पलंगावर बसून पूजा करायची आणि मग जेवायची. आता ज्याला हात लावून खोटं बोलली, ते तळहातावर कसं घ्यायचं? म्हणून तिने ते गळ्यातून काढलं, रुमालात बांधलं. आणि पूजा नाही, म्हणून जेवण नाही. पहिले दोनेक आठवडे चोरून बिस्किटं, केळी खाल्ली. तेही पाप वाटायला लागलं तेव्हा तेही सोडलं. चहा आणि खोकल्याचं औषध एवढ्यावर ती राहिली होती.

“मग मला येऊन का सांगितलं नाहीस?” मी विचारलं. आवाज चढला माझा. “त्याच दिवशी यायचं होतंस! मी काय खाल्लं असतं तुला?”

तिने डोळे वर केले.

“कशी येऊ मॅडम? शपथ तर तुमच्याच फुडं घेतली होती.”

त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे नांदेडचं बसस्टँड आलं. यमुनेने पदर का ओढला ते मला तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. ती मला विसरली नव्हती. ती दात झाकत होती. आणि नांदेडच्या वहीतली ती पानंच्या पानं, दुसऱ्यांदा न आलेली मुलं... मी उठून खिडकीशी गेले, कारण गिरिजापुढे मला रडायचं नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं की असं औषध हळूहळू उतरवत आणायचं असतं, मध्ये पुन्हा घेतलं जाणं हे आजाराचाच भाग आहे, तेव्हा पेशंटने लपवलं नाही तर निम्मं काम होतं. मी मान डोलावत होते. शिबिरात हेच टिपून घेतलं होतं मी, त्याच वहीच्या मागच्या पानावर.

मी फोन केल्यावर संध्याकाळी अप्पा आले. पांढरी टोपी, कपाळावर भस्म, हातात डब्याची पिशवी. उंच, शांत माणूस. मी त्यांना दवाखान्याच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. गोळ्या, औषध, आणि शपथ. शपथ मीच घ्यायला लावली, ती नको म्हणत होती, हेही सांगितलं. सांगताना वाटत होतं की हा माणूस आता मला बोलेल, प्राचार्यांकडे जाईल, आणि त्याने तसं करावंच.

त्यांनी डब्याची पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाले, “मॅडम, एक इचारू का?”

“विचारा ना.”

“लिंग म्हंजे काय पोलीस हाय का?”

ते माझ्याकडे वळून बसले.

“लेकराच्या गळ्यात आमी ते कामून बांधतो? ते कुटं बी गेलं तर एकटं पडू न्हाई म्हणून. आन तुमी त्येच्याच धाकानं तिला एकटं पाडलात.”

आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, “चुकलं माझं, अप्पा.”

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने खिशातून तंबाखूची चंची काढून मला दाखवली आणि म्हणाले, “चार डाव सोडली म्या. चारी डाव शपथ घेतली. मोडली. लिंग गळ्यातच व्हतं. त्यानं काय मला टाकलं न्हाई.” मग चंची परत खिशात घालून म्हणाले, “चला, पोरगी कुटं हाय?”

गिरिजाने वडिलांना पाहिलं आणि चादर तोंडावर घेतली. ते तिच्या पलंगाच्या कडेला बसले. रागावले नाहीत, समजावलं नाही. नर्सकडून पेल्यात पाणी मागून घेतलं. “गिरी, हात फुडं कर,” म्हणाले. उजव्या हाताला सलाईन होतं. तिने डावा हात चादरीतून बाहेर काढला. पूजेला डावाच तळहात लागतो. त्यांनी तिच्या उशाशी ठेवलेल्या रुमालाची गाठ सोडली, डबी उघडली आणि लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. खालून आपला हात लावला. पाणी घातलं, खिशातल्या पुडीतलं भस्म लावलं, आणि दोघांनी डोळे मिटले. वॉर्डातली बाकीची माणसं बघत होती. मी दाराशी उभी होते. माझ्यासारखीने तिथे थांबावं की नाही, तेही मला कळत नव्हतं.

मग अप्पांनी डबा उघडला. अव्वाने, म्हणजे तिच्या आईने, ज्वारीची भाकर आणि मुगाचं वरण दिलं होतं. डॉक्टर म्हणाले, मऊ करून थोडंच द्या. अप्पांनी भाकर वरणात कुस्करली. ती जेवली. पाच-सहा घास असतील. अप्पा मला म्हणाले, “तुमी बी बसा मॅडम. सकाळधरनं काय खाल्लं का न्हाई?” मी खाल्लं नव्हतं. बसले.

गिरिजाचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती परत आली, बारावी झाली, मेडिकलला नंबर लागला नाही. अप्पांनी ते कसं पचवलं ते त्यांनाच माहीत. दुकानात त्यांनी काय सांगितलं असेल याचा विचार मी अजून करते. आता ती नांदेडला बी.एस्सी. करते आहे. या गोष्टीचा शेवट डॉक्टर होण्यात झाला असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

वही मी फाडली नाही. कपाटात आहे. सेवानिवृत्त झाल्यावर त्यातल्या काही नावांचा शोध घेऊन पाहिला. यमुना आता तेलंगणात आहे म्हणे, पत्ता कुणाला ठाऊक नाही. नांदेडच्या एका मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईने चहा दिला, आणि मुलाबद्दल विचारल्यावर नुसतं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. त्यानंतर मी शोध थांबवला. पुढच्या दारात जायचं धैर्य मला नाही.

शेवटची काही वर्षं मी फक्त एकच सांगायची. परत घेतलंस तर आधी इथे ये. लिहून काही घ्यायची नाही. मुलं परत येऊ लागली, दुसऱ्यांदा, पाचव्यांदा. टेबलाशी बसून खाली मान घालून “घेतलं मॅडम” म्हणू लागली. तपासणीला आलेल्या साहेबांना हे आवडलं नाही. त्यांच्या मते माझं काम घसरलं होतं, कारण तीच तीच नावं पुन्हा येत होती. गफूरमामा मात्र चहाबरोबर न सांगता दोन बिस्किटं ठेवू लागले.

खूप थकले मी या कामाने. मूल परत येतं याचा आनंद होतो, आणि ते कशासाठी परत आलंय हे माहीत असतं. दोन्ही एकाच वेळी सोसावं लागतं. न आलेल्यांची यादी तर आहेच, ती काही मिटत नाही.

हा लेख अर्धा लिहून झाला होता तेव्हा फोन वाजला. गिरिजा होती. दीड वर्ष तिने काढलं होतं, एक झाकणसुद्धा न घेता.

“मॅडम, परवा घेतलं. काल बी घेतलं.”

दीड वर्ष! तोंडावर आलं होतं, अगं, का? ते गिळलं. डॉक्टरांची वेळ घेतलीस का विचारलं. घेतली म्हणाली, उद्याची, अप्पा येणार आहेत सोबत.

“बरं केलंस सांगितलंस,” मी म्हटलं. मग जे विचारायची भीती वाटत होती ते विचारलं. “जेवलीस का?”

“हाव मॅडम,” ती म्हणाली. “पूजा केली, मग जेवले.”